चार ते पाचची फाइल

१

सभेत वाजवलेला आवाज अवघा बारा सेकंदांचा होता.

आधी बिनतारी यंत्राच्या खोलीतून दीपेश बोलला. वारा वाढतोय, सगळ्यांनी माघारी या. मग खरखर. मग बोटीवरून तिचा तांडेल हरेश्वर, तोच ओळखीचा घसा, तोच मधला दम: "ऐकलं. आत्ता येत नाही."

मच्छीमार संस्थेचे सचिव गणराज यांनी लगेच लॅपटॉपचं झाकण खाली केलं. त्यांनी कुणावर आरोप केला नाही, फक्त तारीख आणि वेळ सांगितली. भाद्रपदातली अष्टमी, दुपारी चार ते पाच. त्याच दिवशी पाचच्या सुमारास मुरूडसमोर हरेश्वरची बोट उलटली होती. हरेश्वर दुसऱ्या दिवशी सापडला, त्याचा जोडीदार वहाब तिसऱ्या दिवशी. भांगाचे दिवस, भरती-ओहोटी मंद, पाण्याला ओढ नव्हती, म्हणून आगरदांड्याच्या बाकीच्या बोटी किनाऱ्यालाच होत्या. जे झालं ते पाहणारं समुद्रावर कुणीच नव्हतं.

"चौकशी अधिकारी पुढच्या गुरुवारी येतील," गणराज म्हणाले. "संस्थेचं म्हणणं एका ओळीत जाईल. इशारा दिला होता, तांडेलाने ऐकला नाही."

मागच्या रांगेत हरेश्वरची मुलगी सुचिता उभी राहिली. चौतिशीची, तळा गावच्या वाचनालयात ग्रंथपाल. बाप गेल्यापासून ती लोकांसमोर रडली नव्हती, आणि गावाने त्याचा वेगळा अर्थ लावला होता.

"पूर्ण तासाची फाइल मला द्या," ती म्हणाली.

"ताई, काय करणार ऐकून? उगीच त्रास."

"त्रास माझा आहे. फाइल द्या."

सभेत कुणीतरी हसलं. गणराजांनी मात्र पेन ड्राइव्ह दिला, तोही सगळ्यांसमोर. ज्याच्याकडे लपवायला काही नसतं तो असाच देतो, असं सगळ्यांना वाटलं. सुचितालाही क्षणभर वाटलं.

बाहेर पडताना वहाबची बायको झुबेदा तिच्या अंगावरून गेली. दोन्ही घरांचं तीस वर्षांचं येणं-जाणं. झुबेदाने तिच्याकडे पाहिलं आणि पदर सावरून वाट बदलली. तिच्या दृष्टीने तिच्या नवऱ्याला हरेश्वरच्या हट्टाने मारलं होतं.

सुचिताला बाकी काही नको होतं. बापाच्या नावावर ती एक ओळ चढू द्यायची नव्हती. हातात आठ दिवस होते.

२

घरी तिने फाइल लावली तेव्हा आई, नीराबाई, ओट्यावर सुकट निवडत बसली होती. सुचिताला ती आत जाईल असं वाटलं होतं. ती हलली नाही.

गणराजांनी जिथे झाकण खाली केलं होतं, त्याच्या पुढे हरेश्वरचा आवाज चालूच होता. "ऐकलं. आत्ता येत नाही. पाणी जोरात हाय, डोल भरतेय. तेवढी उचलतो न येतो."

नीराबाईचे हात थांबले. "परत लाव."

सुचिताने परत लावलं.

"कवाची म्हणालीस ही?"

"अष्टमीची. त्याच दिवसाची."

"तुझ्या बापाला येड लागलं व्हतं का मला?" नीराबाई शांतपणे म्हणाली. "भांगात डोल कोण टाकतो? डोल बांधायची ती उधाणात. पाणी जोरात धावलं तर म्हावरं पिशवीत शिरतं. अष्टमीला पाणी उभंच ऱ्हातं. न डोल तर हितं, आपल्या अंगणात व्हती. फाटलेली. मी सकाळधरनं शिवत व्हते. तुझा बाप साधी जाळी घेऊन गेलावता, हलव्याचं म्हावरं लागतंय म्हणून."

सुचिता अंगणात गेली. वाशांवर डोल अजून तशीच होती, पिशवीसारखं ते जाळं तोंडापासून शेपटापर्यंत लांबलचक, मध्ये हातभर निळ्या दोऱ्याची नवी वीण.

आवाज बापाचाच होता, पण तो दिवस तो नव्हता. कुणीतरी एखाद्या उधाणातल्या दिवसाची फाइल उचलून तिला अष्टमीचं नाव दिलं होतं.

तिने त्या संध्याकाळी तीन तांडेलांना हे सांगितलं. तिघांनीही मान हलवली आणि तिघांनीही तेच विचारलं: पण दुसऱ्या बकेटमध्येही तीच फाइल आहे ना?

ती होती. तिथेच सगळं अडत होतं.

बिनतारी खोलीतला संगणक सगळं बोलणं आपोआप टिपायचा, दर तासाची एक फाइल करायचा आणि क्लाउडवर संस्थेच्या बकेटमध्ये, म्हणजे नेटवरच्या कोठारात, चढवायचा. तीन वर्षांपूर्वी एका भांडणात संस्थेची नोंद 'सापडेना' झाली, तेव्हापासून हरेश्वर हटून बसला होता की नक्कल हवी, आणि ज्याच्या हातात मूळ आहे त्याच्या हातात नक्कल नको. मग दुसरं बकेट आलं, बोटवाल्यांच्या पंचांच्या नावावर. पहिल्यात काही नवं पडलं की नियमाने त्याची प्रत आपोआप दुसऱ्यात. दोन्ही मुंबईतच, एकाच विभागात. गणराजांनी तेव्हा थट्टा केली होती, की एवढा खर्च करताय तर प्रत लांब कुठेतरी ठेवा, मुंबई बुडाली तर दोन्ही बुडतील. हरेश्वर म्हणाला होता, "आपल्याला भीती पुराची न्हाय. हाताची हाय."

पंचांच्या बकेटची चावी, म्हणजे कागदावर लिहिलेल्या अक्षरांच्या दोन लांब ओळी, हरेश्वरकडेच होती.

३

झुबेदाच्या दाराला कडी होती. सुचिताने दोनदा वाजवली. आतून झुबेदाचा आवाज आला की घरात कुणी नाही.

सुचिता पायरीवर बसली. अर्ध्या तासाने दार उघडलं ते वहाबच्या मुलीने. लाइबा तेवीस वर्षांची, नवी मुंबईत एका कंपनीत क्लाउडचंच काम करणारी. बापाच्या चाळिसाव्यापर्यंत रजा घेऊन आलेली.

"ताई, अम्मी बोलणार नाही. मला सांगा."

सुचिताने डोल सांगितली. लाइबाने मध्ये एकदाही टोकलं नाही. मग ती आतून लॅपटॉप घेऊन तिथेच पायरीवर बसली. पंचांचं बकेट सभासदांना नुसतं पाहता येत असे. फाइल उघडा, ऐका, पण हात लावू नका.

"ही बघा यादी. चार ते पाचच्या फाइलपुढे तारीख कुठली आहे?"

"दोन दिवसांनंतरची. म्हणजे… तिसरा दिवस."

"आणि तीन ते चारच्या पुढे? पाच ते सहाच्या पुढे?"

अष्टमीच. तास संपल्यावर दोन-तीन मिनिटांत चढलेल्या.

सुचिताला आशा वाटली, पण लाइबा स्वतःच ती खोडायला बसली. यावर गणराज काय म्हणतील? नेट गेलं होतं, ती एक फाइल अडकली, तिसऱ्या दिवशी आपोआप चढली. असं होतं. अधिकारी मान्य करतील.

"मग?"

"मग हे." लाइबाने एकेका फाइलचा तपशील उघडला. "नियमाने जी प्रत येते तिच्यावर खूण असते, की ही प्रत आहे. बघा, आहे. आहे. आहे. या बकेटमध्ये पंचवीस हजारांवर फाइली आहेत, ज्या तिकडून आल्या त्या सगळ्यांवर असणार." ती चार ते पाचवर आली. रकाना रिकामा होता. "उशिरा चढली असती तरी नियमानेच इकडे आली असती, आणि खूण पडली असती. ही आलीच नाही ताई. ही कुणीतरी हाताने ठेवली आहे."

आतल्या खोलीत भांड्याचा आवाज थांबला होता. झुबेदा ऐकत होती.

हाताने कुणी ठेवली, ते बकेटच्या हजेरीत असणार होतं. ती हजेरी उघडायचा हक्क एकालाच होता, लाइबाच्या चाचाला. वहाबचा धाकटा भाऊ हुझैफा, मुरूडला इलेक्ट्रॉनिक्सचं दुकान. दोन्ही बकेटं त्यानेच लावून दिली होती. भाऊ गेल्यापासून तो हरेश्वरचं नाव काढलं तरी उठून जायचा.

लाइबाने फोन लावला. मग हुझैफाने पाच मिनिटं मागितली. ती वीस झाली.

त्याचा निरोप लाइबाने वाचला आणि फोन सुचिताच्या हातात दिला.

तिसरा दिवस, सकाळी अकरा वीस. फाइल ठेवणाऱ्याची चावी: हरेश्वर.

त्या दिवशी, त्या वेळी हरेश्वरला अग्नी देऊन अठरा तास झाले होते.

४

दुसऱ्या दिवशी ही बातमी गणराजांपर्यंत सुचिता पोचायच्या आधीच पोचली होती. ते आपल्या बर्फाच्या कारखान्यात बसले होते. पेणहून हा कारखाना चालवायला आले, गोड बोलले, सगळ्यांची कागदपत्रं करून दिली आणि सहा वर्षांपूर्वी सचिव झाले. त्यांनी सुचितासाठी खुर्ची पुसायला लावली.

"चावी तुमच्या घरची," ते म्हणाले. "मी कुणाला बोलणार नाही. बापाच्या मायेने, याहून वाईट काही झाकायला, माणूस काहीतरी करून बसतो. पण हे उकरलंत तर तुमच्याच अंगावर येईल. त्यापेक्षा मी ओळ बदलतो. 'इशारा देण्यात आला, परंतु संपर्क अपुरा राहिला.' कुणाचं नाव नाही. मिटलं."

तिला ती ओळ मिळाली असती. बापाचं नाव वाचलं असतं. लोकांनी तिला शहाणी म्हटलं असतं.

"इशारा देण्यात आला, हे खरं आहे का?" तिने विचारलं.

"त्याने आता काय फरक पडतो?"

"मग ती ओळही नको."

गणराज हसले आणि म्हणाले की पुस्तकं वाचणाऱ्यांचं असंच असतं.

तिथून ती जेटीवर गेली. दीपेश बिनतारी खोलीच्या पायऱ्यांवर बसला होता. पंचविशीचा कोळ्याचा पोर, बाप अजून डोलीवर जातो. सगळ्या गावाचा संशय त्याच्यावर होता, कारण यंत्रावर तो, संगणक त्याच्या हाताखाली, आणि आवाजही त्याचा.

तिने काही विचारलं नाही. नुसतं सांगितलं की तिने पूर्ण फाइल ऐकली, डोल भरतेय इथपर्यंत. दीपेशने मान खाली घातली.

"तुला कळलं होतं," ती म्हणाली.

"पहिल्यांदा ऐकलं तवाच. पोषातल्या पुनवेचं बोलणं हाय ते."

"मग बोलला का नाहीस?"

त्याने पहिल्यापासून सांगितलं. त्या दुपारी एक वाजता सचिवांनी त्याला गाडी देऊन किहीमला पाठवलं होतं. त्यांच्याकडचे पाहुणे तिथल्या कॉटेजमध्ये उतरले होते, त्यांना बर्फ आणि कोळंबी पोचवायची होती. भांगात बोटी कुठे असतात, जा, असं म्हणाले. साडेतीनला वाऱ्याचा इशारा आला तो बंद खोलीत. तो सव्वापाचला परतला, इशारा वाचला आणि हाका मारत सुटला. पाच ते सहाच्या फाइलमध्ये त्याच हाका होत्या. उत्तर नव्हतं.

"मी जायला नको व्हतं ताई," तो म्हणाला. "त्यांनी धाडलं, पन गेलो मीच."

सुचिताने त्याला माफ केलं नाही, की शिवीही दिली नाही. तिने एवढंच विचारलं की गुरुवारी हे उभं राहून सांगशील का. त्याने होकार दिला, पण नजर वर केली नाही.

संध्याकाळी तिने आईला विचारलं की बाबांच्या कागदांना मधल्या दिवसांत कोणी हात लावला होता का.

नीराबाईने आठवलं. तिसऱ्या दिवशी सकाळी गणराज आले होते. चौकशीला लागतात म्हणून निळी फाइल घेऊन गेले, दुपारी स्वतः परत आणून दिली. "मी म्हटलं, किती बघतोय मानूस आपल्यासाठी."

निळ्या फाइलमध्ये, बोटीच्या परवान्यामागे, हरेश्वरच्या अक्षरात दोन लांब ओळी होत्या.

५

गुरुवारी समाजमंदिरात माणसं दारापर्यंत बसली होती. पुढे चौकशी अधिकारी, बाजूला गणराज. स्त्रियांच्या बाजूला भिंतीशी झुबेदा. ती येईल असं लाइबालाही वाटलं नव्हतं.

सुचिता कागद न घेता बोलली.

"ही फाइल खोटी आहे हे माझ्या आईने एका वाक्यात सांगितलं. अष्टमीला डोल कोणी टाकत नाही, आणि आमची डोल तेव्हा अंगणात फाटलेली होती. इथे बसलेल्या कुणालाही हे कळलं असतं, म्हणून सभेत बारा सेकंदच वाजले. तेही आपल्या मनाने नाही, कुणीतरी नंतर सावध केल्यावर. निवडताना ठेवणाऱ्याला ते कळलं नव्हतं. म्हणजे तो समुद्रावर गेलेला नाही."

अधिकाऱ्यांनी विचारलं की असे कोण.

"ज्यांच्या हातात हे येऊ शकतं असे तिघे. दीपेश, हुझैफा आणि सचिव. दीपेशचा बाप डोलीवर जातो, त्याने हा दिवस निवडला नसता. शिवाय तिसऱ्या दिवशी अकरा वीसला तो शोधाच्या बोटीवर होता. वहाबचाचांना पाण्यातून ज्यांनी उचललं, त्यांच्यात तो होता."

झुबेदाने दीपेशकडे पाहिलं. तिला हे माहीत नसावं.

"हुझैफाकडे दोन्ही बकेटांची मोठी चावी आहे. त्याला माझ्या मेलेल्या बापाची चावी कशाला लागेल? आणि त्याने फाइल पहिल्यात ठेवून नियमावर सोडली असती, खूण आपोआप पडली असती. ज्याने केलं त्याला अर्धंच माहीत होतं. पहिल्या बकेटमधून पुसलं तरी दुसऱ्यातलं पुसलं जात नाही, हे त्याच्या लक्षात आलं. म्हणून त्याने नियम थांबवला, दोन्हीकडे हाताने फाइल ठेवली आणि नियम परत चालू केला. सगळं सारखं दिसलं. त्यासाठी त्याला पंचांची चावी हवी होती, आणि त्याच सकाळी ती आमच्या घरून निळ्या फाइलमधून गेली."

दीपेश कुणी बोलावण्याआधीच उभा राहिला. त्याने किहीम सांगितलं, बर्फ सांगितला, बंद खोली सांगितली. सभेआधी सचिवांना डोलीबद्दल आपणच सांगितलं, फाइल मागे घ्या म्हणून, हेही सांगितलं. त्यांनी मागे घेतली नाही, छोटी केली.

गणराज शांत होते. "गोष्ट छान रचली आहे," ते म्हणाले. "पण त्या तासाची दुसरी कुठली फाइल आहे? दाखवा. नसेल तर ही मुलगी बापासाठी बोलते आहे, एवढंच."

तेव्हा हुझैफा उठला. तो हरेश्वरचं नाव त्या महिन्यात पहिल्यांदाच घेत होता.

"चावी बनवताना हरेश्वरदादा दुकानात बसले होते. म्हणाले, माझ्या चावीने ठेवता यावं, पुसता येऊ नये. मी म्हटलं, दादा, तुमचाच माल, तुम्हालाच मनाई? ते म्हणाले, उद्या माझीही नियत फिरली तर?" तो थांबला. "त्या चावीने फाइलवर फाइल ठेवली तर वरची दिसते, खालची जात नाही. ती अजून खालीच आहे. काल रात्री मी आणि लाइबाने पाहिली. अष्टमी, पाच वाजून दोन मिनिटं. तिच्यावर खूण आहे."

गणराजांनी समोरचे कागद एकत्र केले.

लाइबाने फाइल लावली.

आधी नुसती खरखर. सात मिनिटांनी हरेश्वर. "दांडा, दांडा. वारा फिरलाय. काय खबर हाय?" थोडं थांबून परत. मग तिसऱ्यांदा. मग यंत्राच्या मागून वहाब, वाऱ्यात अर्धा बुडालेला: "दादा, कोन हाय का नाय तिथं?" आणि हरेश्वर, त्याच संथ घशात: "असंल. तू बोलवत ऱ्हा. मी बोट फिरवतो."

ते माघारी येत होते. कुणी सांगितलं नव्हतं तरी येत होते.

पुढे वहाब बोलवत राहिला. दांडा. दांडा. कुणीच उत्तर देत नव्हतं.

पंधराव्या मिनिटाला अधिकाऱ्यांनी पेन उचललं आणि म्हणाले की आशय लक्षात आला, नोंद घेतो, बंद केलं तरी चालेल. गणराज खुर्ची मागे सारून उठू लागले. लाइबाचा हात कळीकडे गेला.

"राहू दे," झुबेदा म्हणाली.

ती भिंतीपासून उठून पुढे आली. सगळ्या पुरुषांच्या मधून, कुणाकडे न पाहता. नीराबाईच्या शेजारी जागा नव्हती, नीराबाईने सरकून केली. झुबेदा तिच्या खांद्याला खांदा लावून बसली आणि मग तिने गणराजांकडे पाहिलं.

"बसा, सचिव. तासभराची आहे. माझा घरवाला तासभर बोलवत होता. आता सगळे तासभर ऐका."

गणराज उभेच राहिले. मग दाराजवळच्या तांडेलांनी वाट दिली नाही, तेव्हा बसले.

अधिकाऱ्यांनी पेन खाली ठेवलं. सुचिताने दार लावून घेतलं आणि तीही जमिनीवर बसली. फाइल चालू राहिली. पंचेचाळीस मिनिटं बाकी होती, आणि कुणी उठलं नाही.